विश्लेषण : वाघाच्या हाडाचा माग श्वान काढेल, मांडुळाचा कोण काढणार?

ग्रामीण भागातील चोरीच्या बातमीत एक वाक्य ठरलेले असते : ‘श्वानपथकाला पाचारण करण्यात आले, श्वानाने मुख्य रस्त्यापर्यंत माग काढला व तेथेच ते घुटमळले.’ वसमत तालुक्यातील कुरुंद्याच्या वाचकाला हे वाक्य तोंडपाठ असेल. कुरुंद्याला स्वतःचे पोलीस ठाणे आहे, जिल्ह्याचे श्वानपथकही येऊन जाते. पण याच शिवारात कोणी घोरपड मारली, मांडूळ पकडून पोत्यात घातले किंवा विजेच्या तारेने बिबट्याचा जीव घेऊन कातडे पुरून ठेवले, तर तो वास ओळखणारे श्वान कुठून येणार? वन्यजीव गुन्ह्यांसाठी खास शिकवलेले श्वान देशात २००८ पासून काम करत आहेत. महाराष्ट्राकडेही ते आहेत. मात्र त्यांचा मुक्काम व्याघ्र प्रकल्पांत असतो आणि हिंगोली जिल्ह्यात व्याघ्र प्रकल्प नाही.

पोलिसांचे श्वान हे काम का करू शकत नाही?

नाक कमी पडते म्हणून नव्हे. श्वानाच्या नाकात गंध टिपणाऱ्या ग्राहकांची संख्या ३० कोटींपर्यंत असते, माणसाच्या नाकात ती ५०-६० लाख. फरक शिकवणीचा आहे. पोलीस दलात ढोबळमानाने तीन प्रकारचे श्वान असतात. एक स्फोटके शोधतो, दुसरा अमली पदार्थ आणि तिसरा घटनास्थळावरून माणसाचा माग काढतो. स्फोटकांच्या श्वानासमोर बिबट्याचे कातडे ठेवले तर त्याला त्याचा वास नक्की येईल, पण तो वास ‘कामाचा’ आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. तो पुढे निघून जाईल.

वन्यजीव श्वानाला वाघ-बिबट्याची हाडे व कातडी, हस्तिदंत, अस्वलाचे पित्त, रक्तचंदन असे ठरावीक वास शिकवले जातात. वास सापडला की तो भुंकत नाही, पंजाने उकरत नाही. त्या जागी बसून राहतो. उकरले तर पुरावा खराब होतो, भुंकले तर जवळपासचा माणूस सावध होतो.

तस्कर कातड्याला मीठ-तुरटी लावतात, प्लास्टिकमध्ये गुंडाळतात, उग्र वासाच्या मालात दडवतात. हळदीच्या पोत्यात लपवले तर? हा प्रश्न वसमतच्या बाजारपेठेत कोणीही विचारेल. माणसाला स्वयंपाकघरातून ‘आमटीचा वास’ येतो. श्वानाला त्याच आमटीतील हिंग, मोहरी, हळद, कढीपत्ता सुटेसुटे कळतात. त्यामुळे उग्र वासाखाली दुसरा वास दाबला जातो ही समजूत माणसाच्या नाकापुरती खरी आहे. वास बाहेर येऊच दिला नाही, तर मात्र श्वानाचाही इलाज चालत नाही.

प्रशिक्षण कुठे व कसे होते?

भारतात या कामाची सुरुवात ‘ट्रॅफिक’ या वन्यजीव व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेच्या कार्यक्रमातून झाली. २००८ मध्ये फक्त दोन श्वान होते. पहिली अनेक वर्षे प्रशिक्षण भोपाळला, मध्य प्रदेशच्या विशेष सशस्त्र दलाच्या २३व्या बटालियनच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात झाले. पुढे हरियाणात पंचकुल्याजवळील भानू येथील भारत-तिबेट सीमा पोलीस दलाच्या केंद्रातही ते सुरू झाले. आतापर्यंत तयार झालेल्या श्वानांची संख्या शंभराच्या आसपास आहे. आधी जर्मन शेफर्ड आणि लॅब्राडोर निवडले जात. आता बेल्जियन मॅलिनोईजकडे कल आहे. अंगाने हलका, चपळ, उन्हात जरा जास्त तग धरणारा म्हणून.

प्रशिक्षण सात ते नऊ महिन्यांचे असते. प्रत्येक श्वानामागे दोन हँडलर. हे वन खात्याचेच कर्मचारी असतात आणि श्वानासोबत तेही तिथेच राहून शिकतात. यातील खरी मेख इथे आहे. श्वान वास शोधतो, पण त्याचे शेपूट थांबले, कान उभे राहिले, पावले मंदावली याचा अर्थ हँडलरला लागतो. ही जोडी तुटली की श्वान तोच राहतो, पण काम अर्ध्यावर येते.

हिंगोली जिल्ह्याचा वाघाशी काय संबंध?

जंगल नावापुरते असलेल्या जिल्ह्याला हा प्रश्न पडणे साहजिक आहे. उत्तर २०१९ मध्ये मिळाले. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला ‘टी-१ सी-१’ हा तरुण वाघ शेता-शिवारांतून तेराशे किलोमीटरहून अधिक चालत डिसेंबर २०१९ मध्ये बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. वाटेत तो हिंगोली जिल्ह्यातून गेला. तो झुडपात बसला असताना लोक तिथे घुसले आणि एक जण जखमी झाला. इतक्या लांबच्या प्रवासात त्याने माणसांना टाळले, हेच विशेष. पुढे तो ‘वॉकर’ नावाने जगभर गाजला.

कॉलर होती म्हणून त्याचा रस्ता कळला. कॉलर नसलेले किती वाघ-बिबटे ऊस, केळी आणि नाल्याकाठच्या झुडपांतून येतात-जातात, याची नोंद कुठेच नसते. व्याघ्र प्रकल्पात वाघ मेला तर गस्तीवरच्या वनरक्षकाला चार-सहा दिवसांत कळण्याची शक्यता असते. रानडुकरांसाठी कुंपणात सोडलेल्या विजेच्या प्रवाहाने शेतात वाघ मेला, तर अनेकदा घाबरलेला शेतकरीच तो पुरून टाकतो. मग त्या जागेची खबर कोणाला तरी लागते आणि नखे, दात, हाडे बाजाराला लागतात. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ मोजले गेले. त्यांतील बरेच आता प्रकल्पांच्या हद्दीबाहेर राहतात.

बाजार किती संघटित आहे, हे जानेवारी २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे झालेल्या अटकेनंतर दिसले. तपासाचे धागे मेघालयातील शिलाँगपर्यंत आणि तिथून म्यानमारच्या सीमेकडे गेले. हवालाचे व्यवहार समोर आले, विशेष तपास पथक नेमावे लागले. त्याआधी २०१३च्या सुमारास मेळघाटातील वाघांच्या शिकारीचा तपासही असाच राज्याबाहेर गेला होता. त्या प्रकरणी अचलपूरच्या न्यायालयाने आरोपींना शिक्षा सुनावल्या. मेळघाटच्या तपासात सर्वांत जास्त उपयोग झाला तो मोबाइलच्या नोंदींचा. त्यातूनच तिथे सायबर सेल उभा राहिला. श्वान आणि सायबर सेल ही दोन वेगळी हत्यारे आहेत. एक जमिनीतला माल दाखवते, दुसरे माल कोणासाठी होता ते सांगते.

आणि मांडूळ?

कुरुंद्यासारख्या गावाच्या दृष्टीने खरा प्रश्न वाघाचा नाहीच. मराठवाड्यातील जिल्ह्यांत स्थानिक गुन्हे शाखेच्या कारवाईत वारंवार सापडतो तो मांडूळ. बिनविषारी, संथ, मऊ मातीत राहणारा, उंदीर खाणारा साप. शेपूट बोथट असल्याने त्याला ‘दुतोंडी’ म्हणतात आणि तिथूनच सगळा घोटाळा सुरू होतो. तो गुप्तधन दाखवतो, घरात ठेवला की भरभराट होते, त्यापासून दुर्धर आजारांवर औषध बनते, वजन अमुक किलोच्या वर गेले की किंमत कोटीत जाते. यातील एकही गोष्ट खरी नाही.

‘वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हेशन सोसायटी-इंडिया’ने २०१६ ते २०२१ या काळातील बातम्यांवरून देशभरातील मांडूळ जप्तीच्या १७२ घटना गोळा केल्या. त्यांतील ५९ एकट्या महाराष्ट्रातील होत्या. राज्यांत पहिला क्रमांक. यूट्यूबवर मांडूळ विकण्याची जाहिरात करणारे शेकडो व्हिडीओ त्यांना सापडले, काहींत संपर्क क्रमांकही दिलेले.

या बाजाराची गंमत अशी, आणि तिला गंमत म्हणणेही जड जाते, की शेवटचा ग्राहक बहुतेक वेळा अस्तित्वातच नसतो. शेतात साप सापडलेला मजूर तो काही हजारांना देतो. घेणारा पुढे लाखाला सांगतो. त्याच्या पुढचा ‘पार्टी मुंबईची आहे’ म्हणून आगाऊ रक्कम घेतो. कोटी देणारी ‘पार्टी’ येते ती बहुधा साध्या वेशातील पोलिसांची. साखळीतील प्रत्येक जण पुढच्याला फसवत असतो आणि या सगळ्यात साप पोत्यात, पाण्याविना, दिवसेंदिवस पडून मरतो. पकडला जाणारा पहिला माणूस म्हणजे मजूर. वकिलाची फी, जामीन आणि वर्षानुवर्षांच्या तारखा त्याच्याच वाट्याला येतात.

श्वान मांडूळ शोधू शकतो का? शिकवला तर शोधू शकतो. प्रशांत महासागरातील गुआम बेटावर १९९० च्या दशकापासून जॅक रसेल टेरिअर जातीचे छोटे श्वान विमानांच्या आणि जहाजांच्या मालात दडलेले तपकिरी झाडसाप शोधतात. तिथे त्या सापाने बेटावरचे पक्षी संपवले होते आणि तो दुसऱ्या बेटांवर जाऊ नये, यासाठी हा खटाटोप आहे. म्हणजे जिवंत सापाचा वास श्वानाला कळतो, यात शंका नाही. पण गुआमला माल मोजक्या बंदरांतून आणि विमानतळांवरून जातो. वसमत तालुक्यात मांडूळ मोटारसायकलच्या डिक्कीतून जातो. कोणत्या डिक्कीतून, हे श्वान सांगू शकत नाही. ते खबऱ्या सांगतो किंवा मोबाइल.

श्वानाचा उपयोग तिथून पुढे आहे. माणूस पकडला, त्याच्या घराची, गोठ्याची, शेतातील आखाड्याची झडती घ्यायची आहे आणि कर्मचारी पाच आहेत. कडब्याची गंजी उलथवायला दिवस जातो. श्वान ते काम अर्ध्या तासात करतो.

घोरपडीच्या अवयवांचा धंदा याहून फसवा आहे. पूजा साहित्याच्या दुकानात आणि ऑनलाइन ‘हात जोडी’ नावाने विकली जाणारी, दोन हात जोडल्यासारखी दिसणारी ‘दुर्मीळ मुळी’ प्रत्यक्षात नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय असते. २०१७ मध्ये हे प्रयोगशाळेतील तपासणीतून ठळकपणे पुढे आले. वरून शेंदूर फासलेला, अत्तर शिंपडलेले. विकत घेणाऱ्याला आपण वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील प्राण्याचा अवयव देवघरात ठेवला आहे, याची कल्पना नसते. इथे डोळे फसतात, नाक फसत नाही. हा वास अभ्यासक्रमात घातला तर आठवडी बाजारात श्वान उपयोगी पडू शकतो.

खवल्या मांजराची स्थितीही गंभीर आहे. ‘ट्रॅफिक’ आणि ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया’च्या माहितीनुसार २०१८ ते २०२२ या पाच वर्षांत देशातील ३४२ जप्तींमध्ये १,२०३ खवली मांजरे किंवा तेवढ्यांचे अवयव सापडले. ओडिशाखालोखाल महाराष्ट्राचे नाव आहे. खवल्यांचा वास टिकाऊ असतो, त्यामुळे हे काम श्वानाच्या आवाक्यातले आहे.

श्वानाने दाखवले म्हणजे गुन्हा सिद्ध होतो का?

नाही. याबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये, महाराष्ट्रातूनच आलेल्या एका अपिलात, घेतले जाणारे आक्षेप नोंदवले होते. श्वान शपथ घेऊन साक्ष देऊ शकत नाही, त्याची उलटतपासणी होत नाही. त्याच्या वतीने हँडलर बोलतो, म्हणजे ती ऐकीव साक्ष. माणसाचे स्वातंत्र्य श्वानाच्या अनुमानावर टांगलेले नसावे. शिवाय अशा पुराव्याचा मनावर पडणारा प्रभाव त्याच्या खऱ्या वजनापेक्षा मोठा असतो. पुढे २००१ मधील एका निकालात न्यायालयाने तपासाचे साधन म्हणून श्वानाचे महत्त्व मान्य केले, पण त्याच्या मर्यादांची आठवणही ठेवली.

वन्यजीव गुन्ह्यात ही अडचण थोडी कमी होते. श्वानाने माणूस दाखवला तर वाद होतो. श्वानाने माल दाखवला, पंचांसमक्ष तो उकरून काढला, मोहोरबंद केला आणि डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने किंवा हैदराबादच्या सीसीएमबीने डीएनए तपासून प्राणी निश्चित केला, तर न्यायालयासमोर उभा राहतो तो माल. श्वान मागे राहतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार झडती व जप्तीचे मोबाइलवर चित्रीकरण करायचे आहे. श्वान बसला ती जागा, तिथून माल निघाला तो क्षण, हे दोन्ही चित्रीकरणात असले तर पंच फितूर झाल्यावरही खटला तग धरू शकतो. २०२२ च्या दुरुस्तीने, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षे कैद कायम ठेवून किमान दंड १० हजारांवरून २५ हजार रुपये केला आहे.

माग काढणाऱ्या श्वानाबाबत मात्र १९६९ च्या आक्षेपांचे भान आजही ठेवावे लागते. त्याला मराठवाड्यात एक वेगळा पदर आहे. शिकारीची बातमी आली की पहिला संशय ठरावीक वस्त्यांवर जातो. पारधी समाजावरील ‘गुन्हेगार जमात’ हा शिक्का १९५२ मध्ये कायद्यातून निघाला, तपासाच्या सवयीतून पुरता निघालेला नाही. श्वान पालाच्या दिशेने चार पावले गेला, एवढ्यावर सगळी वस्ती उचलली गेली, तर ते श्वानाचे काम नव्हे. ते जुन्याच सवयीचे नवे निमित्त झाले. माल शोधणारा श्वान इथे उलट संरक्षणही ठरू शकतो, कारण त्याला आडनाव कळत नाही. पालात काही नसेल तर तो तिथून नुसता फिरून येतो आणि हेही पंचनाम्यात लिहिले गेले पाहिजे. ‘काही सापडले नाही’ ही नोंद बहुतेक वेळा कागदावर येतच नाही.

अडते कुठे?

पहिली अडचण अंतराची. माणसाच्या मागाचा वास काही तासांत विरतो. ऊन, वारा, पाऊस, त्यावरून गेलेली गुरे आणि मृत प्राणी पाहायला जमलेली गर्दी यांनी तो आणखी लवकर पुसला जातो. मेळघाट किंवा विदर्भातील अन्य प्रकल्पातून श्वान गाडीने कुरुंद्याला येईपर्यंत अर्धा दिवस जातो. तो पोहोचेपर्यंत घटनास्थळी निम्मे गाव येऊन मोबाइलवर छायाचित्रे काढून गेलेले असते. पुरलेल्या हाडाचा वास महिनोन्‌महिने टिकतो, त्यामुळे माल शोधण्यासाठी उशीर चालतो. माग काढण्यासाठी चालत नाही.

दुसरी अडचण उन्हाची. एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. श्वानाला माणसासारखा घाम येत नाही, तो मुख्यतः तोंडाने धापा टाकून अंग थंड करतो. धापा टाकणारा श्वान नीट हुंगू शकत नाही. म्हणजे उन्हाळ्यात कामाचे तास पहाटेचे दोन-तीन आणि संध्याकाळचा एखादा. नेमक्या याच महिन्यांत पाणवठ्यांवर शिकारी टपलेले असतात.

तिसरी अडचण माणसांची. हँडलरची बदली होते. बदली हा वन खात्याचा नित्यक्रम आहे आणि त्यात ‘श्वानाची जोडी’ हा निकष सहसा बसत नाही. नवा वनरक्षक येतो, त्याला श्वान जुमानत नाही. मग श्वान पर्यटन महोत्सवात प्रात्यक्षिके दाखवण्यापुरता उरतो. रोजचा सराव, त्यासाठी कायदेशीररीत्या जपून ठेवलेले कातडे-हाडाचे नमुने, खुराक, पशुवैद्य, वाहन हे सगळे आठ वर्षे, म्हणजे श्वानाच्या सेवाकाळभर, अखंड लागते. श्वान देणगीतून मिळतो, खुराकाची तरतूद दरवर्षी करावी लागते.

मग हिंगोलीसाठी काय शक्य आहे?

प्रत्येक जिल्ह्याला वन्यजीव श्वान हवा, ही मागणी टाळ्या मिळवणारी आहे, पण ज्या जिल्ह्यात वर्षाला मोजकेच गुन्हे नोंदवले जातात तिथे श्वान सरावाविना बोथट होईल. परभणी, हिंगोली, नांदेड आणि पैनगंगा अभयारण्याचा पट्टा मिळून नांदेडला एक पथक ठेवले, तर कुरुंदा त्याच्या तासाभराच्या टप्प्यात येते. दुसरा मार्ग आणखी स्वस्त आहे. जिल्हा पोलिसांच्या ताफ्यात नव्याने येणाऱ्या एखाद्या श्वानाला मांडूळ, घोरपड, खवले मांजर आणि बिबट्या हे वास शिकवायचे आणि पोलीस-वन खात्याने तो मिळून वापरायचा. दोन खात्यांत आरोपी कोणाच्या ताब्यात आणि श्रेय कोणाचे, हा तंटा त्याआधी मिटवावा लागेल.

रेल्वेचाही विचार हवा. पूर्णा-हिंगोली-अकोला मार्ग रुंद झाल्यापासून वसमतहून माल थेट उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे जाऊ शकतो. रेल्वे सुरक्षा दलाकडेही वन्यजीव श्वान देण्यास सुरुवात झाली आहे. परदेशातून येणाऱ्या मालाचा प्रश्न वेगळा. १ जून २०२५ रोजी मुंबई विमानतळावर थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात ४७ विषारी साप आणि पाच कासवे सापडली. तिथे सगळे सामान एकाच पट्ट्यावरून जाते, त्यामुळे श्वानाला सर्वाधिक काम तिथेच आहे.

तोवर शिवारात मांडूळ दिसला तर काय करायचे? त्याला हात लावायचा नाही, व्हिडीओ काढून गटावर टाकायचा नाही. ‘घेणारी पार्टी आहे’ असे सांगणाऱ्या फोनला उत्तर देणेही महागात पडू शकते, कारण बोलणे नोंदवले जाते आणि खरेदीची तयारी दाखवणाराही आरोपी होऊ शकतो. राज्याच्या वन विभागाचा ‘हॅलो फॉरेस्ट’ क्रमांक १९२६ आहे. विजेच्या तारेने जनावर मेले असेल तरी तोच क्रमांक. अशा वेळी जनावराभोवती गर्दी होऊ न देणे आणि पहिल्या माणसाची पावले जिथे उमटली आहेत ती जागा काटक्या-दगड ठेवून राखणे, एवढे गावाने केले तरी मागाहून येणाऱ्या श्वानाला सुरुवात करायला जागा उरते.